जुना लाकडी मासा आणि नव्या रंगाचा मोह

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात डोवॉजॅक नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या जेम्स हेडन या मधमाश्या पाळणाऱ्या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तासलेला लाकडाचा तुकडा पाण्यात फेकला आणि बास मासा त्याच्यावर झेपावला, अशी आख्यायिका आहे; मग त्याने गळ लावलेले लाकडी बेडूक केले. त्यातून हेडन कंपनी उभी राहिली. पुढे इंडियानातल्या गॅरेट गावी ‘क्रीक चब’ कंपनीनेही असेच लाकडी मासे घडवले. काचेचे डोळे, अंगावर खवले, पोटाखाली तीन टोकांचे गळ. आजोबांच्या पेटीत असा ल्युअर, म्हणजे मासे फसवायचं नकली आमिष, सापडला, की नातवाचा हात आधी सँडपेपरकडे जातो. तिथेच गोची होते.

घासून झकास रंग दिला की किंमत वाढते, हा यातला सर्वांत महागात पडणारा समज. प्रत्यक्षात संग्राहक पैसे मोजतात ते मूळ रंगाला. क्रीक चबचे खवले कसे उमटत, ते पाहिलं की कारण कळतं. लाकडावर जाळी ताणून धरत आणि तिच्यावरून रंग फवारत. जाळीच्या धाग्यांखाली झाकलेला भाग तळाच्या रंगाचाच राहत असे. वर वॉर्निश. कुठला रंग कुठे विरळ झाला, जाळी कुठे किंचित सरकली, यावरून जाणकार कारखाना आणि अंदाजे काळ सांगतात. सँडपेपर फिरला की हा सगळा पुरावा भुशात जातो. तो भुसा निरुपद्रवीही नाही. त्या काळच्या रंगांत शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडं घासणं फुफ्फुसांनाही परवडणारं नाही. आणि नवा रंग लपेल, या भरवशावर राहू नये. अतिनील प्रकाशाच्या टॉर्चखाली नंतरची ठिगळं बहुतेक वेळा जुन्या रंगापेक्षा वेगळी दिसतात.

पृष्ठभागावरचं बारीक तड्यांचं जाळं पाहूनही लोक घाबरतात. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं; वरचा जुना, कडक झालेला थर तेवढा ताणला जात नाही. म्हणून तो तडकतो. हे वयाचं लक्षण आहे, आणि एकसारख्या जुन्या तड्यांमुळे मूळ रंगाची खात्री थोडी वाढतेच. पोपडा सुटत असेल तर गोष्ट वेगळी. तो आहे तिथे चिकटवून धरायचा, उचकटायचा नाही.

मळ काढायला थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर वापरणाऱ्यांना काय म्हणावं! हे द्राव मळाआधी जुनं लॅकरच विरघळवतात. स्पिरिटनेही शेलॅक सुटतं. कापसाचा बोळा साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळायचा, आधी पोटाखाली गळाच्या कडेला कोपऱ्यात लावून पाहायचा, बोळ्यावर रंग उतरला तर तिथेच थांबायचं. संग्रहालयांतले संवर्धक कधीकधी चक्क थुंकीने ओला केलेला बोळा वापरतात, कारण लाळेतली विकरं हलक्या हाताने मळ सोडवतात. ल्युअर पाण्यात बुडवून ठेवायचा मात्र नाही. उघड्या स्क्रूच्या भोकातून पाणी आत शिरतं आणि रंग आतून उचलला जातो.

गंजके गळ काढून चकचकीत नवे लावणं हीसुद्धा सुधारणा नव्हे. हेडनने गळ अडकवायची पद्धत वर्षानुवर्षं बदलत नेली: आधी लाकडात बसवलेली धातूची वाटी आणि स्क्रू, मग इंग्रजी एल अक्षरासारखा कोयंडा, त्यानंतर दोन तुकड्यांची पट्टी. लाकूड तेच दिसलं तरी गळ अडकवायच्या या पद्धतीवरून वय कळतं. मऊ ब्रशने सुटा गंज झाडावा आणि सोडून द्यावं. निकेलचा मुलामा पातळ असतो. पितळेची पॉलिश घासली की तोच उतरतो.

‘जितका जुना तितका महाग’ हेही अर्धसत्यच. क्रीक चबचा ‘पायकी’ अफाट संख्येने विकला गेला, त्यामुळे त्याचा साधा, खरचटलेला नमुना वयाच्या मानाने स्वस्त मिळतो. दुर्मीळ रंग, चांगली स्थिती आणि मूळ खोका यांनी भाव चढतो.

मग रंगवायचंच नाही का? रंगवा की. सगळा रंग गेलेला, गळ तुटलेला, सहज मिळणाऱ्या प्रकारचा ल्युअर सजवायला काहीच हरकत नाही. फिनलंडच्या लौरी रापालाने 1936 मध्ये चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी लावून आपला पहिला मासा केलाच होता. फक्त पोटावर आपली खूण आणि साल लिहावं, आणि विकताना रंग नवा आहे हे सांगावं. हे न सांगता विकणं म्हणजे माझ्या मते सरळ फसवणूक.

शेवटी साठवण. रबरासारख्या मऊ प्लास्टिकची कृत्रिम गांडुळं आणि जुने ल्युअर एका कप्प्यात कधीच ठेवू नयेत. मऊ प्लास्टिकमधला तेलकट पदार्थ झिरपतो आणि जिथे टेकेल तिथे रंग वितळवतो. प्रत्येक ल्युअरला वेगळा कप्पा द्यावा. गळ शेजाऱ्याच्या रंगात रुतत नाहीत, हाही एक फायदा.