उंचावलेल्या पिकअप गाडीतील समगती सांध्याच्या आवरणाची झीज

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पिकअप गाडीचा सांगाडा मूळ उंचीपेक्षा दोन-तीन इंच वर उचलून घेण्याची रीत बरीच रूढ आहे. मोठी चाके बसावीत आणि खडकाळ वाटेवर गाडीचे पोट घासू नये, हा तीमागील हेतू होय. परंतु टोयोटा टॅकोमासारख्या, पुढील चाकांना स्वतंत्र निलंबन असलेल्या चतुश्चक्रचालित गाडीत हा फेरफार केल्यावर काही काळाने पुढील चाकांच्या आतल्या अंगास ग्रीसचे शिंतोडे दिसू लागतात. सांध्यावरील रबरी आवरण, म्हणजेच कारागिरांच्या भाषेतील ‘बूट’, फाटलेले अथवा त्याचा पट्टा सैल झालेला आढळतो. दोष बहुधा रबराच्या माथी मारला जातो व नवे आवरण चढविले जाते. तेही पूर्वीच्याच वाटेने जाते. हा दोष वस्तुतः रबराचा की रचनेच्या भूमितीचा, याचा उलगडा झाल्यावाचून उपाय ठरविता येत नाही.

प्रथम सांध्याचे कार्य ध्यानात घेतले पाहिजे. डिफरन्शलपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्यास अर्धाक्ष म्हणतात. चाक वर-खाली होते व वळते. तरीही त्याला अखंड गती मिळावी लागते. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने वर्णिलेला सांधा कोनात फिरू शकतो, परंतु त्याची गती सम राहत नाही. दोन दांड्यांत ३० अंशांचा कोन असता चालित दांड्याचा वेग एकाच फेऱ्यात चालक दांड्याच्या ०.८७ पट ते १.१५ पट असा हेलकावतो. ही अडचण आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्याने गोलकयुक्त सांध्याने दूर केली. या सांध्याच्या प्रचलित रूपातील सहा पोलादी गोलक दोन दांड्यांमधील कोन दुभागणाऱ्या प्रतलातच राहतात, म्हणून गती सम राहते. चाकाकडील सांधा सामान्यतः या जातीचा असून तो सुमारे ४५ अंशांपर्यंत वळू शकतो. डिफरन्शलकडील सांधा बहुधा त्रिपाद असतो. तो आत-बाहेर सरकू शकतो, मात्र त्याची कोनमर्यादा बरीच कमी असते. १९८३ साली भारतात आलेल्या मारुती ८०० या मोटारीमुळे समगती सांधे येथील कारागिरांच्याही चांगल्या परिचयाचे झाले आहेत.

या सांध्यांचे आयुष्य आवरणावर अवलंबून असते. निओप्रीन रबराचे अथवा लवचीक प्लास्टिकचे हे घडीदार आवरण सांध्यातील ग्रीस आत राखते आणि धूळ, पाणी व चिखल बाहेर ठेवते. त्याच्या घड्या भात्याप्रमाणे मिटतात व उलगडतात. अर्धाक्ष सरळ रेषेत असेल तर फिरताना घड्यांवर फारसा ताण येत नाही. तो कोनात असेल तर मात्र प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक घडी एकदा दाबली जाते व एकदा ताणली जाते.

सांगाडा उचलला की नेमका हा कोन वाढतो. डिफरन्शल सांगाड्याबरोबर वर जाते. चाक जमिनीवरच राहते. अर्धाक्षाच्या दोन सांध्यांमधील अंतर ४५ सेंटिमीटर धरले, तर ५ सेंटिमीटर उंचीने कोनात सुमारे ६.५ अंशांची आणि ७.५ सेंटिमीटर उंचीने सुमारे ९.५ अंशांची भर पडते. हा कोन वळणापुरता किंवा खड्ड्यापुरता नसतो. सपाट रस्त्यावरही तो कायम असतो. आतील आवरणाच्या खालच्या बाजूच्या घड्या परस्परांवर घासू लागतात व पट्ट्याखालून ग्रीस पाझरते. त्यातच पुष्कळ गाड्यांत पुढील चाकांना शक्ती दिलेली नसतानाही अर्धाक्ष चाकांबरोबर फिरतच राहतात. चाकाचा व्यास ८० सेंटिमीटर मानला तर दर किलोमीटरला सुमारे ४०० फेरे होतात. पंधरा हजार किलोमीटरच्या प्रवासात प्रत्येक घडी साठ लाख वेळा मिटते व उलगडते. अशा स्थितीत रबर उत्तम असले तरी ते लवकर थकावे, यात नवल नाही.

आवरण फाटल्यानंतरचा क्रम ठरलेला आहे. ग्रीस बाहेर फेकले जाते, धूळ आत शिरते, गोलक व त्यांच्या खाचा घासल्या जातात. पूर्ण वळणावर ‘कट्कट्’ असा आवाज येऊ लागला की झीज सांध्यापर्यंत पोहोचली असे समजावे. अखेर सांधा तुटल्यास साध्या डिफरन्शलच्या पुढील जोडीतील दुसरे चाकही निकामी ठरते. कारण सारी गती मोकळ्या बाजूकडे वाहून जाते. चढणीच्या दुर्गम वाटेवर याचा अर्थ गाडी अडकणे असा होतो.

यावरून उपायांचा क्रम लागतो. आवाज नसेल व ग्रीस नुकतेच पाझरू लागले असेल तर सांधा उघडून, धुऊन, योग्य ग्रीस भरून नवे आवरण व धातूचा पट्टा बसविणे पुरेसे असते. आवाज असल्यास संपूर्ण अर्धाक्ष बदलणे इष्ट. परंतु दोन्ही प्रसंगी कोन तसाच राहिल्यास रोगाचे मूळ कायम राहते. त्यासाठी उंची एखाद्या इंचाने कमी करणे हा सर्वांत साधा मार्ग होय. डिफरन्शलच्या पुढील आधारांशी ठोकळे घालून ते खाली आणण्याचीही प्रथा आहे; तथापि अशाने ते मागील आधाराभोवती केवळ कलते आणि सांधे ठोकळ्याच्या जाडीपेक्षा कमीच खाली येतात. अर्धाक्ष चाकांपासून सोडविता येतील अशा कुलूपबंद नाभी बसविल्यास साध्या रस्त्यावरील फेरेच वाचतात.

येथे एक विरोधाभास लक्षणीय आहे. सहा इंच उंची देणाऱ्या काही संचांत डिफरन्शल व निलंबनाचे बाहू नव्या आधारांवर एकत्रच खाली आणलेले असतात. त्यामुळे अर्धाक्षाचा कोन मूळच्या जवळपास राहतो. उलट स्प्रिंगवर केवळ ठोकळा ठेवून मिळविलेली तीन इंचांची उंची आवरणास अधिक जाचक ठरू शकते. तात्पर्य, गाडी किती उंच झाली यापेक्षा अर्धाक्ष किती वाकला, हेच मोजले पाहिजे. आवरण ही अल्प किमतीची वस्तू आहे. परंतु ती पुनःपुन्हा फाटत असेल तर ती रचनेतील दोषाचीच सूचना देत असते.