गर्भिणीच्या पायांवरील सूज

चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, गर्भिणीस तेलाने काठोकाठ भरलेल्या पात्राप्रमाणे जपावे असे सांगितले आहे. डोंबिवलीहून मुंबईस नोकरीसाठी जाणाऱ्या गर्भिणीस हे साधावे कसे? (महिलांच्या डब्यातही बसावयास जागा मिळतेच असे नाही.) सायंकाळी पाय सुजतात, घरी परतताना ती औषधालयात पुनर्नवा मागते. उभे राहिल्याने आलेली सूज विश्रांतीने बहुधा उतरते. तथापि सूज साधी वाटली तरी रक्तदाब मोजावाच. विसाव्या आठवड्यानंतर तो १४०/९० वा अधिक आढळल्यास, अथवा डोके ठणकणे, अंधुक दिसणे अशी लक्षणे असल्यास, काढा बाजूस ठेवून तिला त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञांकडे पाठवावे. औषधविक्रेत्या बंधूंनीही ‘कितवा महिना?’ आणि ‘रक्तदाब केव्हा मोजला?’ हे विचारल्यावाचून औषध देऊ नये.