पाहुणे आले की रुसणारी यंत्रे

संग्राहकाने आठवडाभर झटून नाणे टाकून खेळायची जुनी आर्केड यंत्रे लखलखीत केलेली असतात. पाहुणे येतात, मुले गर्दी करतात, नाणे पडते आणि पडद्यावर वेडेवाकडे पट्टे उमटतात. ‘काल रात्री तर उत्तम चालले होते,’ असे म्हणत यजमान यंत्राचे मागचे दार उघडून बसतो.

याला दृष्ट लागणे म्हणावे, तर कारण फार साधे आहे. पडून राहिलेल्या मालाचे काय होते, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. बंद यंत्रातील जोडपट्ट्यांवर ऑक्साइडचा पातळ थर चढतो. कपॅसिटरमधील द्रव आटत जातो. १९८१ च्या ‘डिफेंडर’ खेळात उच्चांकांची नोंद टिकवण्यासाठी तीन पेन्सिल सेल असत. ते विसरले गेले की त्यांतून झिरपणारा क्षार बोर्डावरील तांब्याच्या रेषा खातो. दहा मिनिटांच्या चाचणीत यातले पुष्कळ दोष दडून राहतात. पाहुण्यांसाठी मात्र यंत्र तासन्‌तास चालते, आतील भाग तापून प्रसरण पावतात आणि डाखातील केसाएवढी भेग उघडते.

डाख पुन्हा देता येतो, कपॅसिटर आजही स्वस्तात मिळतो. खरा पेच आहे तो पिक्चर ट्यूबचा. घरोघरच्या जुन्या दूरदर्शन संचांत होती तीच ही नळी. तिचे मोठे कारखाने आता बंद झाले आहेत. वापरागणिक तिचे तेज मंदावते. १९८० च्या ‘पॅक-मॅन’चा चक्रव्यूह एकाच जागी उजळत राहिल्याने अनेक पडद्यांवर त्याची छाया कायमची उमटली आहे. नवा सपाट पडदा बसवता येतो, हे खरे. परंतु १९७९ च्या ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’मध्ये किरण थेट रेषा आखतो, ती धारदार झळाळी त्यावर उतरत नाही.

म्हणजे पाहुण्यांना खेळू द्यावे तर नळी झिजते, झाकून ठेवावे तर बाकी सारे बिघडते. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधील लॅकोनिया येथे, १९५२ पासून चालू असलेल्या ‘फनस्पॉट’ या खेळघरातच ‘अमेरिकन क्लासिक आर्केड म्युझियम’ आहे. वस्तुसंग्रहालय म्हणवूनही तेथे जुनी यंत्रे खेळण्यासाठी खुली आहेत. हा निर्णय धाडसाचा, पण योग्यच वाटतो. न खेळलेला खेळ म्हणजे शेवटी नुसते कपाट.

घरगुती संग्राहकांपैकी जाणते लोक पाहुणे येण्याच्या दोन दिवस आधी यंत्रे एकेक करून चालू करतात, तास-दोन तास तापू देतात आणि सुटे फ्यूज हाताशी ठेवतात.