घाट उतरण्याआधी ब्रेक पाहा

म्हैसूरहून मडिकेरीला जाताना पिरियापट्टण लागते. कुशालनगरच्या पुढे घाट सुरू होतो. परतताना ब्रेकची खरी कसोटी. चाकातून किरकिर येत असेल, तर पिरियापट्टणलाच गाडी दाखवा. पॅडचे अस्तर ३ मिलिमीटरपर्यंत झिजले असेल, तर समोरासमोरच्या दोन्ही चाकांचे पॅड एकदम बदलावेत. एकाच चाकाचे बदलल्यास ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढते. मेकॅनिक म्हणेल, डिस्कही बदला! आधी जाडी मोजायला सांगा. किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. जाडी पुरेशी आहे, खोल चरे किंवा तडे नाहीत, पेडल थरथरत नाही, मग हा खर्च कशाला? मात्र आतला पॅड बाहेरच्यापेक्षा फारच झिजला असेल, तर कॅलिपरची पिन अडकलेली असू शकते. ती मोकळी करून घ्या, नाहीतर नवे पॅडही तसेच झिजतील.