सूड घेण्याआधी रडलेला वीर

सूड घेणारा नायक म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतो? लालबुंद डोळे, हातात तलवार आणि तोंडी मोठमोठ्या प्रतिज्ञा, असंच काहीसं चित्र ना? शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधला मॅकडफ मात्र या साच्यात बसत नाही. १६०६ च्या सुमाराचं हे नाटक मराठीत वि. वा. शिरवाडकरांनी ‘राजमुकुट’ या नावाने आणलं.

मॅकडफ हा स्कॉटलंडमधल्या फाइफचा सरदार. राजा डंकनचा खून झाल्याचं सर्वप्रथम त्याच्याच लक्षात येतं. मॅकबेथ गादीवर बसतो, पण मॅकडफ राज्याभिषेकाला फिरकत नाही. नंतर डंकनचा मुलगा माल्कम याच्या मदतीला तो इंग्लंडला जातो. बायकोमुलांना मात्र किल्ल्यात मागे ठेवून!

त्याची पत्नी यावर संतापते. इवलासा पक्षीही पिल्लांसाठी घुबडाशी झुंजतो, मग हा आम्हाला टाकून कसा गेला, असं ती विचारते. थोड्याच वेळात मॅकबेथचे मारेकरी येतात आणि सगळं घर संपवतात. देशासाठी घर सोडणं बरोबर होतं का? शेक्सपिअर याचं उत्तर देत नाही. ते तुम्हालाच शोधावं लागतं.

ही बातमी कळते तो प्रसंग नाटकातला सर्वांत हृदयस्पर्शी आहे. मॅकडफचा विश्वासच बसत नाही. ‘माझी मुलंसुद्धा?’ अशा अर्थाचे प्रश्न तो पुन्हापुन्हा विचारतो. माल्कम सांगतो, पुरुषासारखा याला तोंड दे. मॅकडफ म्हणतो, देईन, पण आधी हे दुःख मला माणसासारखं सोसूही द्या. शिवाय आपल्या पापांमुळे ती निष्पाप माणसं गेली, असा दोषही तो स्वतःला देतो.

हे दुःखच त्याला खुनशी होण्यापासून वाचवतं. युद्धात तो भाडोत्री सैनिकांवर हात उगारत नाही. मॅकबेथ सापडला नाही तर तलवार न वापरताच म्यान करीन, असं ठरवतो. मॅकबेथला वाटतं, स्त्रीच्या पोटी जन्मलेला कोणीही मला मारू शकणार नाही. पण मॅकडफला आईचं पोट चिरून वेळेआधी बाहेर काढलेलं असतं. भविष्यवाणीतली पळवाट उघडी पडते आणि मॅकबेथ मारला जातो.

त्यानंतरही मॅकडफ स्वतःसाठी काही मागत नाही. माल्कमला राजा म्हणून तोच प्रथम मुजरा करतो. देश सुटतो, पण त्याचं घर रिकामंच राहतं.

‘पुरुषांनी रडायचं नसतं’ असं आपण मुलांना किती सहज सांगतो! पुढच्या वेळी हे वाक्य तुमच्या ओठांवर आलं, तर मॅकडफला जरूर आठवा. चारशे वर्षांपूर्वीच्या या वीराने आधी दुःखाला वाट दिली आणि मगच तलवार उचलली.