स्वमग्नतेचे निदान : अंगणवाडीपासून जिल्हा रुग्णालयापर्यंत (बालविकास लेखमाला, भाग ६)

स्वमग्नता (ऑटिझम) रक्ताच्या तपासणीत दिसत नाही, एमआरआयमध्येही दिसत नाही. मूल माणसांशी कसे वागते, त्याला काय सांगायचे असते, कोणती गोष्ट ते पुन्हा पुन्हा करते याचे निरीक्षण आणि घरच्यांनी सांगितलेली पहिल्या दोन-तीन वर्षांची हकीकत, यांवरच हे निदान ठरते. म्हणून बुलढाणा जिल्ह्यात, जिथे मोताळा किंवा संग्रामपूरकडच्या खेड्यातून तज्ज्ञ गाठायला अनेकदा अकोला किंवा छत्रपती संभाजीनगरपर्यंत जावे लागते, तिथे आई, आजी आणि अंगणवाडी सेविका यांचे डोळे फार मोलाचे ठरतात.

पहिली खूण बहुधा बोटाची असते. साधारण दीड वर्षाचे मूल हवी ती वस्तू बोटाने दाखवतेच, पण छपरावरची चिमणीही दाखवते. चिमणी त्याला नको असते. आईनेही ती पाहावी, एवढेच हवे असते, आणि आईने पाहिली की नाही हे ते वळून तपासते. स्वमग्न मुलात ही वाटून घेण्याची ओढ कमी दिसते. त्याला बिस्किटाचा डबा हवा असला तर ते आईचा हात धरून डब्यापर्यंत नेते, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहत नाही. नावाने हाक मारली तर वळत नाही, मात्र टीव्हीवरची ओळखीची धून लागली की धावत येते. ‘ऐकू तर येतं त्याला’ असे म्हणून घरचे इथेच निर्धास्त होतात.

दुसरा गट वर्तनाचा. खेळण्यातल्या गाडीचे फक्त चाक फिरवत बसणे, वस्तूंची रांग लावणे, रोजचा रस्ता बदलला की आकांत करणे, कुकरच्या शिट्टीला कान घट्ट झाकणे. अमेरिकन मनोविकार संघटनेचे २०१३ पासूनचे निकष संवादातल्या अडचणी आणि हे साचेबद्ध वर्तन, अशा दोन्ही गटांतल्या खुणा मागतात. नुसते हात फडफडवणे किंवा टाचा उचलून चालणे निदानाला पुरत नाही.

‘याचा बापही उशिराच बोलला होता’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते, आणि ते टिकते कारण काही मुले खरोखरच उशिरा बोलतात व पुढे सगळे सुरळीत होते. फरक असा, की फक्त बोलायला उशीर झालेले मूल शब्दांची उणीव डोळ्यांनी, हातवाऱ्यांनी, खोड्यांनी भरून काढते. एक वर्षापर्यंत बडबड नाही, सोळा महिन्यांपर्यंत शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून जोडलेले दोन शब्द नाहीत, किंवा आलेले शब्द कोणत्याही वयात नाहीसे झाले, तर वाट पाहणे चुकीचे आहे. मुलींमध्ये या खुणा अनेकदा सौम्य दिसतात आणि ‘लाजाळू आहे’ म्हणून सुटून जातात.

चाळणीसाठी सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांकरिता ‘एम-चॅट-आर’ ही वीस प्रश्नांची यादी वापरतात. शून्य ते दोन गुण म्हणजे धोका कमी, तीन ते सात असल्यास पालकांना पुन्हा खोलात विचारायचे, आठ किंवा जास्त असल्यास थेट तज्ज्ञांकडे पाठवायचे. ही फक्त चाळणी आहे. तीत अडकलेले प्रत्येक मूल स्वमग्न नसते.

गावात ही चाळणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून व्हायला हवी. फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच पालघर येथून सुरू झालेल्या या कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात. संशयित मुलाने पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे जायचे, अशी रचना आहे. पथक मूल काही मिनिटेच पाहते आणि अनोळखी माणसांपुढे कोणतेही मूल गप्प होते. अशा वेळी सेविकेने आधीच टिपून ठेवलेले दोन ओळींचे निरीक्षण पथकाच्या तपासणीपेक्षा जास्त सांगून जाते.

निदानापूर्वी श्रवणचाचणी व्हायलाच हवी, टीव्हीच्या धुनेला मूल धावत असले तरी, कारण अंशतः बहिरेपणही असेच दिसू शकते. बौद्धिक विकास आणि फिट्स यांचीही चौकशी होते. दोन ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी भारतीय तज्ज्ञांनी तयार केलेले ‘आयएनडीटी-एएसडी’ हे साधन आहे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी मात्र सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने बनवलेली ‘इसा’ मोजणी रूढ आहे. तिच्यात चाळीस बाबी असून प्रत्येकीला एक ते पाच गुण असतात. एकूण सत्तरच्या खाली असतील तर स्वमग्नता नाही, १५३ च्या वर असतील तर ती तीव्र.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ ने एकवीस दिव्यांगत्वांत स्वमग्नतेचा समावेश केल्याने यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचे ओळखपत्र, मिळते. नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षणही आहे. वाचा-उपचार आणि घरातल्या खेळातून संवाद वाढवण्याचे काम या कागदांसाठी थांबवू नये. ते संशय आल्याच्या दिवसापासून सुरू करता येते, आणि पुढे निदान दुसरेच निघाले तरी त्या कामाने मुलाचे नुकसान होत नाही.