तबकडीवर उतरलेले भजन

खटकचिंचोळीच्या आमच्या घरी माजघरातील फडताळावर २००३ साली घेतलेला एक सीडी प्लेअर आहे. मातोश्रींचे वय ऐंशीच्या पुढे गेले. मोबाइलची काच त्यांच्या बोटांस वश होत नाही. परंतु या यंत्राची कळ त्यांस अंधारातही सापडते. वडिलांनी एकादशीच्या रात्री म्हटलेली भजने या यंत्रावर ऐकावीत, एवढीच त्यांची इच्छा. वडिलांच्या मंडळात तुकोबांच्या अभंगांमागून एखादे कानडी पदही सहज येई. १९५६ साली प्रांत बदलला म्हणून त्यात काही फरक पडला नव्हता. त्या भजनांच्या कॅसेटी आम्ही काही वर्षांपूर्वी एका दुकानात देऊन त्यांचे एमपीथ्री करून आणले होते. तेव्हा काम किरकोळ वाटले.

आम्ही पेनड्राइव्हवरील सर्व भजने जशीच्या तशी एका कोऱ्या सीडीवर उतरविली. यंत्राने ती तबकडी ओळखलीच नाही. दोष यंत्राचा नव्हता. ध्वनीच्या सीडीचे नियम फिलिप्स व सोनी या कंपन्यांनी १९८० साली ठरविले. एमपीथ्री हे नाव जर्मनीत रूढ झाले ते १९९५ साली. पुढील काळातील काही प्लेअर दोन्ही वाचतात, आमचा वाचत नाही. बाळबोध वाचणाऱ्या कारकुनापुढे मोडीचा कागद ठेवावा, तसा हा प्रकार झाला. कागद बाळबोधीत उतरवूनच द्यावा लागतो. संगणकात सीडी लिहिताना ‘डेटा’ न निवडता ‘ऑडिओ’ निवडले की हे लिप्यंतर होते. आजच्या संगणकांस सीडीचा कप्पा बहुधा नसतो, म्हणून वेगळा रायटर जोडावा लागला.

ऑडिओ सीडीत ध्वनीची नोंद सेकंदास ४४,१०० वेळा होते व मिनिटास सुमारे १० एमबी जागा लागते. म्हणून एका तबकडीत फार तर ८० मिनिटे मावतात. साठ मिनिटांची कॅसेट एका तबकडीत बसते, नव्वदची बसत नाही. दोन भजनांमध्ये संगणक आपण होऊन दोन सेकंदांची शांतता घालतो, ती आम्ही काढून टाकली. अभंग संपता संपता गजर उचलला जातो, तेथे शांतता कसली? वेगही कमीच ठेवला. लेझरचा किरण तबकडीतील रंगाच्या थरावर खुणा भाजतो, ते काम सावकाश झालेले बरे, असे आमचे मत.

दुसरी तबकडी वाजली. मातोश्री डोळे मिटून ऐकत होत्या. तिसऱ्या अभंगास म्हणाल्या, “गळा तुझ्या दादांचाच हाय. पण टाळ असे फुटक्या घुंगरावानी का वाजायलेत रे?”

आम्ही निरुत्तर झालो. एमपीथ्रीची रीत पाखडण्याची आहे. मोठ्या आवाजाखाली जो बारीक आवाज कानास जाणवत नाही, तो ते टाकून देते. पाखडणे बेताचे असेल तर कोणाच्या ध्यानात येत नाही. परंतु दुकानदाराने जागा वाचविण्यासाठी ६४ किलोबिटांचा दर धरला होता, म्हणजे सीडीच्या बाविसावा हिस्सा. अशा वेळी वरच्या पट्टीचे, एकदम उमटणारे आवाज प्रथम बिघडतात. आणि टाळ म्हणजे तेच. ऑडिओ सीडी करताना मिनिटास दहा एमबी पुन्हा भरतात खरे, पण सुपातून खाली गेलेले दाणे परत येत नाहीत.

मूळ कॅसेटी असत्या तर पुन्हा उतरविता आले असते. त्या दुकानातच राहिल्या. “आता काय कामाच्या?” असे दुकानदार म्हणाला, आणि आम्हीही मान हलविली. विद्यार्थ्यांस कच्ची वही जपावयास सांगणारे आम्ही!

उदगीरला भगिनीच्या घरी धान्याच्या कोठीवर एक कॅसेट असल्याचे तिने परवा कळविले. तिच्यावर वडिलांचे हस्ताक्षर आहे, म्हणे. आम्ही रविवारच्या बसने निघत आहोत. ती पाखडल्यावाचून, वेव्ह फाईल म्हणून संगणकात घ्यावयाची आणि मग तबकडीवर. मातोश्रींनी कॅसेट गुंडाळावयास स्वतःचे मऊ लुगडे काढून ठेवले आहे.